रिकाम्या खुर्चीचा भाव

1 मे 1981. महाराष्ट्र दिन. औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके वेगळे निघाले, परभणीकडून परतूर आलं आणि जालना जिल्हा अस्तित्वात आला. नेमक्या त्याच तारखेला अमेरिकेत, टेक्सासात मुख्यालय असलेल्या अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हान्टेज' नावाची योजना सुरू केली. आमच्या विमानातून जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर लिहून ठेवू, आणि पुरेसे साठले की त्यांच्यावर तिकीट देऊ, असं तिचं साधं म्हणणं होतं.

या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पण आज जालन्यातल्या मस्तगडाच्या आसपासच्या कितीतरी घरांत मुलगी न्यू जर्सीला असते नाहीतर मुलगा टोरांटोला. आई-वडिलांचं वर्षा-दोन वर्षांनी तिकडे जाणं होतं. वडिलांचे गुडघे दुखतात, आईला पंधरा तास बसवत नाही. मग कुणीतरी विचारतं, "दुकानाच्या खर्चाचे कार्डावर एवढे पॉइंट साठलेत, त्यात या दोघांना बिझनेस क्लासने नेता येईल का? आणि कोणत्या कंपनीच्या विमानाने?" प्रश्न घरगुती आहे. त्याच्या उत्तरामागे मात्र एवढं गणित, इतिहास आणि भूगोल दडलेला आहे की मला तो विमानाच्या उडण्याइतकाच विलक्षण वाटतो.

सुरुवात मैलापासून करू. ऑक्टोबर 1978 पर्यंत अमेरिकेत कोणत्या कंपनीने कुठे उडायचं आणि किती भाडं घ्यायचं हे सरकार ठरवत असे. त्या महिन्यात कायदा बदलला, बंधनं उठली आणि कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइकं ओढू लागल्या. आपलं नेहमीचं गिऱ्हाईक टिकवायचं तर आधी ते कोण हे कळायला हवं. अमेरिकनकडे 'सेबर' नावाची संगणकीय आरक्षण यंत्रणा होती. तिच्यात लाखो आरक्षणं होती, पण माणसं नव्हती. या महिन्यातला स्मिथ आणि मागच्या महिन्यातला स्मिथ एकच की दोन, हे यंत्राला ठाऊक नव्हतं. तेव्हा आरक्षणासोबत दिलेले फोन नंबर तपासले गेले. जो नंबर पुन्हा पुन्हा आला, तो नेहमीचा प्रवासी. त्या यादीतल्या लोकांना थेट सभासद करून टाकलं. आठवडा उलटायच्या आत युनायटेडनेही आपली योजना आणली.

तेव्हाचा मैल खरोखरच अंतराचा होता. पुढे तो अंतरापासून सुटला. आज तो पेट्रोल भरून मिळतो, हॉटेलात राहून मिळतो, किराणा भरून मिळतो. विमानात पाऊल न ठेवता लाखभर मैल साठवलेली माणसं आहेत.

मग हा मैल आहे तरी काय? जालन्याच्या जुन्या व्यापाऱ्याला तो पटकन समजला असता. मस्तगडची गढी 1725 सालची. निजाम-उल्-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबील खानाने ती बांधली, आत दालनं आणि सज्जे असलेली मोठी विहीर केली, आणि पुढच्या काळात नगरपालिकेची कचेरी तिच्यात आली. 'जालना सोने का पालना' म्हणवणाऱ्या या बाजारपेठेला हुंडी नवी नव्हती. कागद इथे लिहायचा, रोकड दूरच्या गावच्या पेढीवर घ्यायची, आणि मधलं सगळं दोन पेढ्यांच्या आपसातल्या हिशेबावर सोडायचं. मैलाची जात हीच. पण एक फरक आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे. हुंडीवर रक्कम लिहिलेली असते. मैलांवर काहीच लिहिलेलं नसतं. त्यांचं काय द्यायचं हे देणारी पेढी त्या दिवशी ठरवते.

ही हुंडी आज बहुतेक वेळा बँकेच्या दारात जन्मते. तुम्ही क्रेडिट कार्डाने खरेदी केली की दुकानदाराला विक्रीच्या रकमेतला एक छोटा हिस्सा शुल्क म्हणून सोडावा लागतो. तो बँक आणि कार्ड-जाळं यांच्यात वाटला जातो, आणि बँक त्यातून विमान कंपनीकडून ठोक भावात मैल विकत घेऊन तुम्हाला देते. म्हणजे बिझनेस क्लासच्या आकाशातल्या बिछान्याचे पैसे थेंबाथेंबाने दुकानदारांच्या गल्ल्यातून गेलेले असतात. अमेरिकेत हे शुल्क जास्त, म्हणून तिथे कार्डावर मैलांचा पाऊस पडतो. युरोपीय संघाने 2015 मध्ये क्रेडिट कार्डावरच्या शुल्कातला बँकांमधला मुख्य वाटा 0.3 टक्क्यांवर बांधून टाकला, आणि तिथला पाऊस ओसरला. आपल्याकडे जानेवारी 2020 पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्कच नाही. म्हणून चहाच्या टपरीवर क्यूआर कोड दाखवून खात्यातून दहा रुपये दिले की मैल जन्मत नाही. जन्मायला शुल्कच नसतं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, तो वेगळा रस्ता. पण एकूण पाहता, जालन्याचा बाजार ज्या वेगाने यूपीआयकडे गेला त्या वेगाने तो मैलांपासून दूर गेला, आणि छोट्या दुकानदाराच्या दृष्टीने हे चांगलंच झालं असं मी मानतो.

जाता जाता एक गोष्ट काळजीने सांगायला हवी. कार्डाचं बिल पूर्ण न भरता पुढे ढकललं तर वर्षाला 36 टक्क्यांच्या वर जाणारं व्याज लागतं. त्या व्याजात कुठलाही मैल वाहून जातो.

या कागदी मैलांची ताकद जगाला कळली 2020 मध्ये. महामारीत विमानं जमिनीवर उभी होती, तिकिटं विकली जात नव्हती. युनायटेडने तेव्हा आपली मैलांची योजनाच तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले. डेल्टाने 9 अब्ज, आणि पुढच्या वर्षी अमेरिकनने 10 अब्ज. युनायटेडच्या योजनेची किंमत तेव्हा जवळपास 22 अब्ज डॉलर सांगितली गेली, आणि शेअर बाजारात पूर्ण कंपनीचं मोल त्याहून कमी होतं. विमानं, इंजिनं, मार्ग हे सगळं धरून कंपनीची जी किंमत, तिच्यापेक्षा तिच्या एका खातेवहीची किंमत जास्त! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे चुकले असतील असं वाटून पुन्हा तपासले होते.

आता खुर्चीकडे येऊ. बिझनेस क्लासची खुर्ची ही जगातल्या सर्वांत नाशवंत मालांपैकी एक आहे. मोसंबी दोन दिवस उशिरा विकली तर कमी भाव येतो. विमानाचं दार बंद झालं की रिकाम्या खुर्चीचा भाव शून्य. पण म्हणून ती आधीच स्वस्तात दिली, आणि शेवटच्या दिवशी तीन लाख मोजायला तयार असलेला माणूस दारात आला, तर?

या कोड्याचं उत्तर 1972 मध्ये केन लिटलवुड नावाच्या गणित जाणणाऱ्या माणसाने मांडलं. तो ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे आजच्या ब्रिटिश एअरवेजच्या पूर्वज कंपनीत होता. त्याचा नियम इतका सोपा आहे की कागद-पेन्सिलीनेही सोडवता येतो. समजा एक खुर्ची उरली आहे आणि तिचं पूर्ण भाडं तीन लाख आहे. ते देणारा कुणीतरी येण्याची शक्यता पाचात एक असेल, तर त्या वाट पाहण्याची किंमत झाली साठ हजार. समोर कुणी सत्तर हजार देत असेल तर द्यावी, पन्नास देत असेल तर थांबावं. शक्यता दोनात एक झाली की वाट पाहण्याची किंमत दीड लाख, आणि मग सत्तरवाला परत जातो. हे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण यंत्र याच पद्धतीने विचार करतं. प्रत्येक विमानासाठी, प्रत्येक खुर्चीसाठी, उड्डाणाच्या वर्षभर आधीपासून रोज, दिवसातून कैकदा.

मैलांवर मिळणारी खुर्ची, जिला सगळे अवॉर्ड सीट म्हणतात, ती या हिशेबातून बाहेर पडते. तुम्ही एका कंपनीचे मैल देऊन दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसता तेव्हा पहिली दुसरीला आपसात ठरलेली रक्कम देते. ती रक्कम वाट पाहण्याच्या किमतीहून जास्त झाली की यंत्र खुर्ची मोकळी करतं, कमी झाली की काढून घेतं. सकाळी दिसलेली जागा संध्याकाळी नाहीशी होते ती याच कारणाने. कुणी माणूस तुमच्यावर रागावलेला नसतो. कुठेतरी एक शक्यता पाचात एकवरून चारात एक झालेली असते, बस्स.

म्हणूनच 'मैलांवर कोणती विमान कंपनी घ्यावी' हा प्रश्न पैशाने तिकीट काढण्याच्या प्रश्नाहून उलटा आहे. पैशाने काढताना आधी कंपनी ठरते, मग तारीख. मैलांवर आधी रिकामी खुर्ची शोधायची असते. ती ज्या कंपनीच्या विमानात सापडेल ती आपली कंपनी. जो माणूस एकाच कंपनीवर आणि एकाच तारखेवर अडून बसतो, त्याच्यासाठी मैल फार महाग पडतात. जो दोन-चार दिवस मागेपुढे सरकायला आणि इस्तंबूल की फ्रँकफुर्ट यातलं काहीही चालवून घ्यायला तयार असतो, त्याच्यासाठी तेच मैल दुप्पट होतात.

शोधायची कशी, यालाही एक गुप्त लिपी आहे. विमानातल्या खुर्च्या नुसत्या इकॉनॉमी आणि बिझनेस अशा विकल्या जात नाहीत. त्यांचे अक्षरांनी ओळखले जाणारे कप्पे असतात. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आघाडीत सोबतच्या कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या अवॉर्ड जागांसाठी बिझनेसचं अक्षर 'आय', इकॉनॉमीचं 'एक्स' आणि फर्स्टचं 'ओ'. 'आय' कप्प्यात दोन दिसले म्हणजे आई-बाबा दोघांची सोय झाली. बिझनेसच्या वीस खुर्च्या रिकाम्या असतील आणि 'आय'मध्ये शून्य असेल, तर लिटलवुडचा नियम अजून वाट पाहतो आहे.

या आघाड्याही मुळात विलक्षण गोष्ट आहेत. 14 मे 1997 ला युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, थाई आणि स्कँडिनेव्हियन या पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स केली. 1999 मध्ये वनवर्ल्ड आली, 2000 मध्ये स्कायटीम. 11 जुलै 2014 ला एअर इंडिया स्टारमध्ये गेली. या आघाडीतली ती पहिली भारतीय कंपनी. कतार एअरवेज वनवर्ल्डमध्ये आहे, एअर फ्रान्स आणि केएलएम स्कायटीममध्ये. एमिरेट्स कुठल्याच आघाडीत नाही. याचा अर्थ असा की मुंबईहून फ्रँकफुर्टला जाणाऱ्या लुफ्तान्साच्या एकाच खुर्चीसाठी तुम्ही एअर इंडियाचे पॉइंट देऊ शकता, सिंगापूरचे मैल देऊ शकता, एअर कॅनडाचे देऊ शकता. खुर्ची तीच, खिडकी तीच, जेवण तेच. मागणी मात्र तिघांची वेगळी. कुणी जगाचे विभाग पाडून दर लावतं, कुणी अंतर मोजतं, कुणी त्या दिवशीच्या भाड्याकडे पाहून आकडा सांगतं. डेल्टाने 2015 मध्ये आणि युनायटेडने 2019 मध्ये आपले छापील दरपत्रक काढूनच टाकलं. ज्या योजनेचं दरपत्रक अजून उघड आहे तिच्याकडे माझा ओढा आहे. किती साठवायचं हे माणसाला आधी कळायला हवं.

मुंबईहून उत्तर अमेरिकेला एका बाजूच्या बिझनेस जागेसाठी साधारण सत्तर-ऐंशी हजारांपासून सव्वा लाखापर्यंत मैल मागितले जातात, काही ठिकाणी त्याहून पुष्कळ जास्त. आणि मैलांवरचं तिकीट कधीच फुकट नसतं. विमानतळांचे कर रोखीने भरावे लागतात, आणि काही कंपन्या त्यावर इंधन अधिभारही लावतात. हा अधिभार कधी इतका असतो की तेवढ्यात इकॉनॉमीचं तिकीट यावं. युनायटेड आणि एअर कॅनडा आपल्या योजनेतून काढलेल्या अवॉर्ड तिकिटावर तो लावत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्स स्वतःच्या विमानांवर लावत नाही, सोबतच्यांच्या विमानांवर लावते. लुफ्तान्साचीच जागा लुफ्तान्साच्या योजनेतून घेतली तर अधिभार येतो. एअर कॅनडाच्या योजनेतून घेतली तर येत नाही. मालकाच्या घरी पाहुणा होण्यापेक्षा शेजाऱ्याच्या ओळखीने गेलेलं स्वस्त पडतं! लंडनहून निघताना तर ब्रिटिश सरकारचा प्रवासी कर आहेच, आणि तो बिझनेस क्लासला चढा असतो. भारताइतक्या अंतरासाठी माणशी दोनशे पौंडांहून जास्त. परतीच्या वाटेवर लंडनला नुसतं विमान बदललं आणि चोवीस तासांच्या आत पुढे गेलं तर तो लागत नाही. भाचीकडे दोन दिवस मुक्काम केला तर लागतो.

आता त्या खुर्चीचं नवल. बसलेला माणूस जेवढी जागा घेतो त्याच्या दुपटीहून जास्त जागा झोपलेला माणूस घेतो, आणि विमानाची रुंदी वाढत नाही. मग बिछाना आणायचा कुठून? ब्रिटिश एअरवेजने 1990 च्या दशकाच्या मध्यात फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण आडवं होणारं आसन आणलं आणि 2000 मध्ये ते बिझनेसमध्ये. त्यासाठी त्यांनी अर्ध्या प्रवाशांची तोंडं उलटीकडे केली. माणसाचे खांदे रुंद आणि पाय अरुंद असतात, तेव्हा एकाच्या खांद्याशेजारी दुसऱ्याचे पाय आले की दोघं कमी रुंदीत मावतात. पुढे खुर्च्या तिरप्या लावण्याची रीत आली. त्यात तुमचे पाय पुढच्या माणसाच्या हाताशी असलेल्या कपाटाखाली शिरतात. कतारने 2017 मध्ये क्यूस्वीट आणली आणि खुर्चीला सरकतं दार आलं.

पण कंपनीच्या नावावर जाऊ नये, कारण एका नावाखाली अनेक प्रकारच्या खुर्च्या उडत असतात. एअर इंडियाचंच पाहा. जुन्या 777-300 विमानांत बिझनेसच्या खुर्च्या दोन-तीन-दोन अशा ओळीत, 787-8 मध्ये दोन-दोन-दोन. म्हणजे खिडकीकडच्या माणसाला रात्री उठायचं तर शेजाऱ्याला ओलांडावं लागतं. जानेवारी 2022 मध्ये कंपनी टाटांकडे परत आल्यावर डेल्टा आणि एतिहादकडची जुनी 777 विमानं भाड्याने आणली गेली, त्यांच्यातली आसनं आणखी वेगळी. जानेवारी 2024 मध्ये एअरबस ए350 सेवेत आलं, त्यात एक-दोन-एक अशी रचना आणि दार. जुन्या विमानांची आतली सजावट बदलण्याचं कामही सुरू झालं आहे. तेव्हा तिकिटावरचं विमानाचं नाव वाचावं आणि खुर्च्यांचा नकाशा उघडून पाहावा. एक-दोन-एक दिसलं की प्रत्येकाला वाट आहे. मधुमेहामुळे रात्रीतून तीनदा उठणाऱ्या वडिलांसाठी ही गोष्ट शॅम्पेनपेक्षा फार मोठी आहे.

विमानाच्या नावात आणखी एक नवल आहे. विमान अकरा-बारा किलोमीटर उंचीवर उडतं. तिथली हवा माणसाला पुरत नाही, म्हणून आत दाब भरून ठेवतात, पण जमिनीइतका नाही. तेवढा दाब भरला तर धातूचं अंग प्रत्येक उड्डाणात ताणून थकतं. जुन्या घडणीच्या विमानांत आतली हवा सुमारे 2,400 मीटर उंचीवरच्या डोंगरावर असावी तशी विरळ असू शकते. 787 आणि ए350 यांचं अंग बरंचसं कार्बन तंतूंच्या संमिश्राचं असल्याने ते जास्त दाब सोसतं, आणि आतली उंची 1,800 मीटरच्या आसपास राहते. कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे नव्या विमानात आई-बाबा रात्रभर कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडंसंच वर झोपतात, आणि जुन्यात साडेसातशे मीटर वर. गंज चढत नसल्याने नव्या विमानांत हवेतला ओलावाही जास्त ठेवता येतो. फुफ्फुसांचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारताना विमानाचा प्रकारही सांगावा, इतका हा फरक खरा आहे.

जालन्याच्या माणसाला यात एक फायदा आहे, जो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपण मुंबईहून मोजायला सुरुवात करतो. जालना-मुंबई वंदे भारत गाडी 30 डिसेंबर 2023 पासून सुरू झाली, समृद्धी महामार्ग जवळून जातो, त्यामुळे मुंबई जवळ वाटते. पण चिकलठाण्याचा विमानतळ जालना रस्त्यावरच आहे, तासाभराच्या अंतरावर. तिकिटाच्या भाषेत त्याचं नाव 'आयएक्सयू'. ज्या योजना विभागांनुसार दर लावतात त्यांच्या हिशेबात सगळा भारत एकाच विभागात येतो. चिकलठाणा ते दिल्ली किंवा मुंबई हा तुकडा आघाडीतल्या कंपनीचा मिळाला, तर तो त्याच अवॉर्ड तिकिटात बऱ्याचदा जादा मैल न देता बसतो. सामान चिकलठाण्यालाच जमा होतं आणि पुढे मधलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची राहते. दोन वेगळी तिकिटं काढली तर ती तुमची.

दुसऱ्या टोकालाही हेच. जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी उभी करणारे बद्रीनारायण बारवाले यांना 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तो देणारी संस्था अमेरिकेच्या मध्यभागी, आयोवा राज्यातल्या दे मॉइन शहरात आहे. बियाण्यांच्या गावाहून मक्याच्या राज्यात जायचं तर आजही चार विमानं लागू शकतात. चिकलठाण्याहून दिल्ली, दिल्लीहून फ्रँकफुर्ट, तिथून शिकागो, मग दे मॉइन. एअर इंडिया, लुफ्तान्सा, युनायटेड अशा तीन कंपन्या आणि त्यांना बांधणारं एकच मैलांचं तिकीट! मस्तगडापासून आयोवाच्या शेतांपर्यंतची वाट एका कागदावर येते हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

थेट विमान की मध्ये थांबा, यावर माझं मत ठरलेलं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केल्यावर एअर इंडियाची पश्चिमेकडची उड्डाणं, विशेषतः दिल्लीहून निघणारी, लांबली आणि काहींना मध्ये इंधनासाठी उतरावं लागलं. परदेशी कंपन्यांवर ती बंदी नव्हती. दुसरीकडे, ज्यांना इंग्रजी बोलायचा संकोच आहे त्यांना परक्या विमानतळावर दार शोधणं नको होतं. व्हीलचेअर मागितली तर मदतनीस थेट पुढच्या दारापर्यंत सोडतो, हे मात्र प्रत्येक घरात माहीत असावं.

आता वेळेचं. पुष्कळ मराठी आया पहिल्यांदा समुद्र ओलांडतात त्या लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी. विमान कंपन्या आपली दिनदर्शिका साधारण अकरा-बारा महिने आधी उघडतात आणि काही जण तेव्हाच एक-दोन अवॉर्ड जागा सोडतात. गोड बातमी त्यानंतर येते! त्या पहिल्या खिडकीला आजी कायमच मुकलेली असते. सुदैवाने दुसरी खिडकी उड्डाणाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत उघडते, जेव्हा वाट पाहण्याची किंमत झपाट्याने उतरते. लुफ्तान्सा आपल्या फर्स्ट क्लासच्या जागा सोबतच्या कंपन्यांना बहुधा तेव्हाच देते. मधल्या काळासाठी रीत अशी की जी बऱ्यापैकी जागा दिसेल ती धरून ठेवायची. अवॉर्ड तिकीट बऱ्याच योजनांत थोडं शुल्क भरून रद्द होतं आणि मैल परत येतात. बँकेचे पॉइंट एकदा विमान कंपनीकडे गेले की मात्र परत येत नाहीत, म्हणून खुर्ची डोळ्यांनी दिसेपर्यंत ते बँकेतच राहू द्यावेत. काही योजनांत हे जाणं क्षणात होतं, काहींत दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात खुर्ची गेलेली असू शकते. ज्या योजनेत क्षणात होतं ती माझ्या लेखी जास्त मोलाची, मैल थोडे जास्त मागत असली तरी.

मैल एकाच बाजूला पुरत असतील तर जाताना बिछाना घ्यावा की येताना? उत्तर गोलार्धात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे असतात, म्हणून अमेरिकेहून येताना विमान लवकर पोचतं आणि जाताना त्याला तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. पण शरीराचं घड्याळ पूर्वेकडे येताना जास्त बिघडतं. येताना घर असतं, आपला पलंग असतो, दोन दिवस झोपून काढता येतात. जाताना उतरल्यावर इमिग्रेशनची रांग असते, प्रश्न असतात, आणि दाराशी रात्र-रात्र जागलेली लेक असते. मी तरी जाताना घेईन.